ऑपरेशननंतर च्युइंग गम चघळायला का देतात? ही पद्धत आली कुठून

पिशवी काढायचं ऑपरेशन असो नाहीतर सिझेरियन, पोट उघडलं की आतडी काही काळ सुस्त पडतात. भूल दिलेली असते, आतड्यांना हात लागलेला असतो, त्यात दुखणं कमी करायला मॉर्फिनसारखी औषधं, ती आतडी अजूनच मंद करतात. लहान आतडं साधारण एका दिवसात हलायला लागतं पण मोठ्या आतड्याला दोन-तीन दिवस लागतात, तोवर पोट फुगणं, मळमळ, उलटी आणि उलटीच्या प्रत्येक उमाळ्याला टाक्यांवर ताण. म्हणून कित्येक दशकं नियमच होता, गॅस पास झाल्याशिवाय तोंडाने काही नाही, फक्त सलाईन, कधी नाकातून नळी.

गमच्या मागचं शास्त्र मात्र बरंच जुनं आहे. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह म्हटलं की आपल्याला घंटा आणि कुत्रा आठवतो, पण त्यांना 1904 चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. त्यांनी कुत्र्याची अन्ननलिका मानेपाशीच बाहेर काढली, त्यामुळे खाल्लेलं पोटात जायचंच नाही, तरी जठरात रस सुटायचा, आणि व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूतून पोटाकडे जाणारी नस, तोडली की थांबायचा. म्हणजे नुसतं चावलं तरी मेंदू आतड्यांना तयारीला लावतो.

हे ऑपरेशननंतर वापरून बघितलं जपानमधल्या सर्जन्सनी, 2002 मध्ये. पेशंट फक्त 19, मोठ्या आतड्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालेले, त्यातल्या काहींना दिवसातून तीनदा गम. गमवाल्यांचा गॅस सरासरी 2.1 दिवसांत सुटला, बाकीच्यांचा 3.2 दिवसांत. एवढ्या छोट्या अभ्यासाने इतकी चर्चा व्हावी याचं कारण साधं आहे, गम स्वस्त, कुठेही मिळणारा आणि धोका जवळपास नाही.

मग बायकांच्या ऑपरेशन्सकडे लक्ष गेलं. 2009 मध्ये इजिप्तमध्ये सिझेरियन झालेल्या 200 बायकांवर अभ्यास झाला, दर दोन तासांनी पंधरा मिनिटं शुगर-फ्री गम, आणि आतडी लवकर सुरू झाली. 2013 मध्ये तुर्कस्तानातून गर्भाशय-अंडाशयाच्या कॅन्सरसारख्या मोठ्या ऑपरेशन्सबद्दलही तसाच निकाल आला, तिथे 149 बायका होत्या. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या 2016 च्या आढाव्यात सिझेरियनचे 17 अभ्यास एकत्र केले, गॅस साधारण 7 तास आधी सुटतो असं दिसलं, पण पुराव्याचा दर्जा कमी हेही त्यातच लिहिलंय आणि ते विसरून चालणार नाही.

दरम्यान उपाशी ठेवायचा नियमच हलायला लागला होता. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात लवकर खायला द्या, लवकर चालवा, मॉर्फिनसारखी औषधं कमी करा असा आग्रह धरला, त्यातूनच पुढे ERAS म्हणजे ‘इरास’ नावाची, ऑपरेशननंतर पेशंट लवकर बरा व्हावा यासाठीची पद्धत उभी राहिली. मला तर खरा बदल हाच वाटतो, गम त्याच्या पाठोपाठ आला. 2018 मध्ये नेदरलँड्समधला पोटाच्या ऑपरेशनच्या 2000 पेशंट्सचा मोठा अभ्यास आला तेव्हा गममुळे हॉस्पिटलमधला मुक्काम कमी झालेला दिसला नाही. आणि 2019 च्या सिझेरियनच्या इरास सूचनांमध्ये अगदी नेमकं सांगितलंय, लवकर खायला देणार असाल तर गमची वेगळी गरज कदाचित पडणार नाही, पण खाणं उशिरा सुरू करणार असाल तर गम द्याच.