व्हील बनवलं म्हणजे इन्स्टॉलर झाला असं नाही

पायथनमधे चांगलं टूल बनवणारे बरेच जण व्हील (म्हणजे पॅकेजची इन्स्टॉलसाठी तयार फाइल) अपलोड केलं की म्हणतात, झालं, आता कोणीही इन्स्टॉल करेल. पण हे "कोणीही" म्हणजे ज्याच्याकडे पायथन आधीच आहे, टर्मिनल उघडायची भीती नाही आणि पिप (पायथनची पॅकेजेस इन्स्टॉल करणारी कमांड) काय असतं हे माहितीये असा माणूस. ज्याला फक्त डबल क्लिक करून काम सुरू करायचंय तो यात कुठेच नाही, आणि बरीच टूल्स खरं तर त्याच्यासाठीच लिहिलेली असतात.

व्हीलने सोडवलेला प्रश्न कंपाइल करण्याचा, म्हणजे लिहिलेला कोड मशीनला थेट चालवता येईल अशा रूपात बदलण्याचा आहे. पॅकेजमधे सी, फोरट्रान किंवा रस्टचा कोड असला की तो कुठेतरी कंपाइल व्हावाच लागतो, आणि पूर्वी बऱ्याचदा हे काम वापरणाऱ्याच्या मशीनवर यायचं, म्हणजे विंडोजवर "मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० पाहिजे" असा एरर आणि समोरचा माणूस तिथेच थांबला. २०१२ मधे लिहिलेल्या पेप ४२७ ने (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलांचा अधिकृत प्रस्ताव) व्हील फॉरमॅट ठरवला. ही साधी झिप फाइल असते, एक्स्टेंशन तेवढं वेगळं, आणि कंपाइल केलेले तुकडे आत तयार असतात. कोणता पायथन, कोणती सिस्टिम, कोणता प्रोसेसर हे फाइलच्या नावातच लिहिलेलं असतं. लिनक्सवर जास्त त्रास होता कारण नव्या जीलिबसीवर (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बांधलेली बायनरी जुन्या सिस्टिमवर चालत नाही, म्हणून २०१६ मधे मेनीलिनक्स हे बहुतेक लिनक्सवर चालतील अशा व्हील्सचं मानक आलं, ज्याचा पहिला पाया सेंटओएस ५ या लिनक्सइतका जुना मुद्दाम धरला होता. बाहेरच्या शेअर्ड लायब्रऱ्या व्हीलमधे कोंबायला लिनक्सवर ऑडिटव्हील, मॅकवर डीलोकेट, विंडोजवर डेल्व्हव्हील ही टूल्स आहेत.

आता खरी गोची कुठे होते बघा. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमधे येते, नवीन माणूस साइटवर जाऊन सगळ्यात नवी तीच उचलतो, आणि तुमच्या एखाद्या डिपेंडन्सीचं (तुमचं टूल ज्यावर अवलंबून आहे त्या पॅकेजचं) त्या आवृत्तीसाठी व्हील अजून आलेलंच नसतं, मग पिप काही न विचारता सोर्स डाउनलोड करून कंपाइल करायला लागतो आणि ज्या एररपासून वाचवायचं होतं तोच पुन्हा समोर. म्हणजे व्हील असूनही फटका बसतो तो नेमका सगळ्यात कमी माहिती असणाऱ्याला. यावर ओन्ली-बायनरी किंवा प्रीफर-बायनरी हे पिपचे फ्लॅग (कमांडला जोडायचे पर्याय) आहेत, पण असा माणूस फ्लॅग शोधत बसणार नाही हो.

इन्स्टॉलरचा प्रश्न वेगळा. पायइन्स्टॉलरसारखं टूल तुमचा कोड, पायथन इंटरप्रिटर आणि सगळ्या कंपाइल केलेल्या लायब्रऱ्या एकत्र बांधतं, वापरणाऱ्याकडे पायथन नसला तरी चालतं, आणि त्यावर इनो सेटअप वापरून नेहमीचा "नेक्स्ट, नेक्स्ट"वाला सेटअप करता येतो. त्या लायब्रऱ्या येतात मात्र तुम्ही स्वतःच्या मशीनवर घातलेल्या व्हील्समधूनच, म्हणजे इन्स्टॉलर ही व्हीलनंतरची पायरी आहे, दोन्हीतलं एक निवडा असा मामला नाही.

ही पायरी मेहनतीची आहे हे मान्य. विंडोजची फाइल विंडोजवर आणि मॅकची मॅकवरच बांधावी लागते. कोडमधे रनटाइमला नावाने लोड होणारं मॉड्यूल पायइन्स्टॉलरला दिसत नाही, ते हिडन इम्पोर्ट म्हणून हाताने सांगावं लागतं. पायइन्स्टॉलरचा वन-फाइल मोड (सगळं एकाच फाइलमधे) दिसायला छान, पण दर वेळी उघडताना सगळं टेम्प फोल्डरमधे सुटं करतो म्हणून सुरू व्हायला वेळ लागतो आणि अँटिव्हायरसही त्याच्यावर जास्त संशय घेतो, त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे की फोल्डर मोड घ्या आणि तो सेटअपमधे गुंडाळा. सगळ्यात जास्त टाळलं जातं ते साइनिंग, म्हणजे फाइलवर डिजिटल सही करणं. सही नसलेली फाइल विंडोजवर स्मार्टस्क्रीन हा सुरक्षा फिल्टर अडवतो, मॅकओएस १०.१५ पासून नोटरायझेशनही (अ‍ॅपलकडून फाइल तपासून घेणं) लागतं, आणि तो इशारा बघून सावध माणूस फाइल डिलीट करतो. त्याने अगदी बरोबरच केलेलं असतं.

कोंडा हा पिपसारखाच दुसरा पॅकेज मॅनेजर, तो या दोन्हींच्या मधोमध बसतो. तो पायथनबाहेरच्या लायब्रऱ्याही आणतो, शास्त्रीय कामाला फार उपयोगी, पण टर्मिनल सुटत नाही, म्हणून पाहिजे तर कन्स्ट्रक्टर हे टूल वापरून त्याच एन्व्हायर्न्मेंटचा इन्स्टॉलर करा.

तुमचा वापरकर्ता इम्पोर्ट लिहिणार असेल तर व्हील पुरे, आयकॉनवर क्लिक करणार असेल तर इन्स्टॉलर हवाच. आणि तो तपासायचा तर तुमच्या लॅपटॉपवर नाही, कारण तिथे पायथन, कंपायलर सगळं आधीच पडलेलं असतं आणि इन्स्टॉलरमधे घालायची राहिलेली लायब्ररी तिथून गुपचूप उचलली जाते. एक कोरं व्हर्च्युअल मशीन घ्या, त्यात काहीही न घालता फाइल चालवा, आणि रीडमीमधे पिपच्या कमांडच्या वर डाउनलोडची लिंक द्या.