पार्श्वभूमी : लोथार श्पेट, मुख्यमंत्रिपदानंतरचं येना

जर्मनीतल्या एका राज्याचा, 1991 च्या जानेवारीत पायउतार झालेला मुख्यमंत्री त्याच वर्षीच्या जूनमध्ये दुसऱ्या राज्यातल्या सरकारी कंपनीचा प्रमुख झाला. लोथार श्पेट यांच्या कारकिर्दीतला हा सांधा नीट समजला, की बाकीचं सगळं त्याभोवती लागत जातं. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत फार रेंगाळत नाही. 1937 चा जन्म, विद्यापीठाची पदवी नाही, सरकारी प्रशासनात उमेदवारी, तिशी गाठता गाठता बीटिगहाइमचं महापौरपद. मग कामगार संघटनांच्या मालकीच्या एका गृहबांधणी कंपनीत आणि पुढे एका बांधकाम कंपनीत वरिष्ठ पद. हे सगळं आमदारकी सांभाळून चाललं होतं. राजकारण आणि कंपनी यांच्यामधली भिंत त्यांच्यासाठी कधीच फार जाड नव्हती.

1978 मध्ये आधीच्या मुख्यमंत्र्यांना युद्धकाळातल्या नौदल न्यायाधीशपदाच्या इतिहासामुळे जावं लागलं आणि नैर्ऋत्य जर्मनीतलं बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्य श्पेट यांच्या हाती आलं. राजधानी श्टुटगार्ट, म्हणजे मुंबईचं भगिनी शहर. पुढची साडेबारा वर्षं त्यांनी संशोधनसंस्था आणि उद्योग एकत्र आणण्याचा ध्यास घेतला आणि सलग तीन निवडणुकांत विधानसभेत स्पष्ट बहुमत मिळवलं. 1989 च्या सप्टेंबरमध्ये ब्रेमेनमध्ये त्यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात चॅन्सेलर हेल्मुट कोल यांना पक्षाध्यक्षपदावरून हटवण्याचा बेत फसला आणि त्यात सामील असलेले श्पेट पक्षाच्या वरच्या फळीतून बाहेर फेकले गेले. दोन महिन्यांनी बर्लिनची भिंत पडली, कोल यांचं वजन वाढलं आणि बंड करणाऱ्या कुणालाच पुन्हा संधी उरली नाही. उद्योगपतींच्या खर्चाने केलेल्या विमानप्रवासांचं आणि एजियन समुद्रातल्या नौकासफरीचं प्रकरण त्यानंतर बाहेर आलं. 13 जानेवारी 1991 रोजी त्यांनी राजीनामा दिला.

आता पूर्व जर्मनीतलं, थुरिंगिया राज्यातलं येना. सूक्ष्मदर्शकं आणि भिंगं बनवणाऱ्या झाइसचा कारखाना तिथे 1846 पासून. 1945 मध्ये हा भाग सोव्हिएत सैन्याकडे सोपवून अमेरिकन सैन्याने माघार घेताना निवडक तज्ज्ञांना सोबत नेलं आणि त्यांनी पश्चिम जर्मनीतल्या ओबरकोखेनला दुसरं झाइस उभारलं. 1971 मध्ये तडजोड होईपर्यंत दोन झाइस एकाच नावावरून कोर्टात भांडत राहिले. ओबरकोखेन बाडेन-व्यूर्टेम्बर्गमध्येच येतं हे इथे महत्त्वाचं आहे. जुलै 1990 मध्ये पूर्व जर्मनीत पश्चिम जर्मनीचं मार्क चलन आलं, पूर्व युरोपातले ग्राहक एका फटक्यात गेले आणि येनातल्या सुमारे 27 हजार कामगारांसमोर विकता येईल असा माल जवळपास उरला नाही.

1991 च्या उन्हाळ्यात ठरलेली वाटणी हीच वादाची खरी जागा आहे. सूक्ष्मदर्शकं आणि पारंपरिक प्रकाशीय उपकरणं, शिवाय झाइस हे नाव, ओबरकोखेनकडे गेलं. उरलेलं सगळं थुरिंगिया राज्याच्या मालकीच्या येनॉप्टिक या कंपनीकडे आलं आणि तिच्या प्रमुखपदी श्पेट बसले. पूर्वेतल्या सरकारी उद्योगांचं खासगीकरण करणारी संस्था आणि राज्य यांनी मिळून सुमारे 360 कोटी मार्क मंजूर केले. सुमारे 16 हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

येना वाचवलं ते श्पेट यांनी, असं आज सहज म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. कपात टाळता आली असती असं मानायला आधार नाही; वर्षानुवर्षं थोडी थोडी कपात करत राहण्यापेक्षा एकदाच हिशेब मांडणं अधिक प्रामाणिक होतं. पण वाटणीत ज्याला बाजारात किंमत होती ते नाव पश्चिमेकडे गेलं आणि पूर्वेकडे राहिल्या रिकाम्या इमारती, देणी आणि घरी बसलेली माणसं. ही वाटणी थुरिंगियाच्या बाजूने सांभाळायला बसलेला माणूस काही महिन्यांपूर्वीपर्यंत ओबरकोखेनच्याच राज्याचा मुख्यमंत्री होता. त्यांनी कुणाला झुकतं माप दिलं असं मी म्हणत नाही. मात्र हा प्रश्न तेव्हा जितका विचारला जायला हवा होता, तितका विचारला गेला नाही.

पैशाचा वापर हा दुसरा वाद. शहराच्या मध्यावरच्या जुन्या मुख्य कारखान्याच्या जागी विद्यापीठाचा परिसर आणि बाजारसंकुल उभं राहिलं. यावर टीका करणं अवघड आहे. 1994 मध्ये मात्र येनॉप्टिकने श्टुटगार्टमधली, चिपकारखान्यांसाठी धूळमुक्त दालनं उभारणारी कंपनी घेतली. उलाढाल फुगली, 1998 मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली. त्या उलाढालीचा मोठा भाग येनातल्या प्रकाशतंत्रातून येत नव्हता आणि चिप उद्योगाच्या चढउताराबरोबर कंपनीही हेलकावे खात होती. श्पेट 2003 मध्ये निवृत्त झाले. पुढच्या व्यवस्थापनाने 2005-06 च्या सुमारास तो सगळा विभाग विकला आणि कंपनी लेझर, प्रकाशीय प्रणाली आणि मापनतंत्राकडे परतली. आजची येनॉप्टिक उभी आहे ती त्याच पायावर.

दरम्यान 2002 च्या संसदीय निवडणुकीत पक्षाने त्यांना अर्थ आणि श्रम या दोन्ही खात्यांचे भावी मंत्री म्हणून पुढे केलं होतं. दोन मोठ्या पक्षांत फरक पडला अवघ्या सहा हजारांच्या आसपास मतांचा, आणि तो विरुद्ध बाजूने पडला. जिंकलेल्या सरकारने ही दोन खाती खरोखरच एकत्र केली आणि ती दुसऱ्या एका राज्याच्या मुख्यमंत्र्याकडे सोपवली.