तेजी-मंदी आणि करिअरची निवड (नाशिक)

बाजार चढला वा पडला की शिक्षणाकडे आणि नोकरीधंद्याकडे जाणारा लोंढाही दिशा बदलतो. अर्थशास्त्रात यासाठी ‘कोळ्याच्या जाळ्या’चा सिद्धांत वापरतात. हे नाव निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये दिले. १९७० च्या दशकात रिचर्ड फ्रीमन यांनी तो अमेरिकेतील नव्या अभियंत्यांना लावला. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. यंदा कांद्याला भाव मिळाला की पुढच्या हंगामात जो तो कांदाच लावतो, माल एकदम येतो आणि भाव कोसळतो. पदवीचेही तेच, फक्त पीक हाती यायला चार महिन्यांऐवजी चार वर्षे लागतात.

डी.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका हे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण. तिथला भाव मात्र बाजाराने नव्हे, सरकारी भरतीने ठरवला. दोन वर्षांत शिक्षक होता येते म्हणून गावोगाव विद्यालये निघाली. २०१० नंतर भरती जवळपास थांबली, २०१३ पासून टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आली आणि वर्ग ओस पडले.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींचा मोठा भाग वाहन उद्योगावर चालतो. गाड्यांचा खप घटला, जसा २०१९ मध्ये घटला, की पहिली झळ सुटे भाग करणाऱ्या लहान युनिटांना बसते. आधी ओव्हरटाइम बंद, मग एक पाळी कमी, मग कंत्राटी पोरांना ‘ब्रेक’. पर्मनंट माणसाचा नंबर शेवटी. घरोघरी हे दिसत असल्याने अशा काळात नाशिकरोडची नोटांची प्रेस, ओझरचा विमान कारखाना किंवा स्पर्धा परीक्षा यांचे वजन वाढते. पगारापेक्षा ‘कायम’ हा शब्द मोठा ठरतो.

द्राक्षबागांच्या निफाड-दिंडोरीकडे हिशेब वेगळा. २०१० मध्ये लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षे अडकली. असा हंगाम हातचा गेला की बागेचे कर्ज आणि मुलांची फी एकाच खिशातून जायची असते, आणि बहुधा फी मागे पडते. कल, आवड वगैरे चाचण्या त्यानंतर. चांगल्या हंगामातही पोरगा शेतात थांबेलच असे नाही. निर्यातबंदी कधी येईल याचा नेम नाही (२०१९, २०२० आणि २०२३ मध्ये कांद्यावर आली), आणि स्थळ बघायला आलेले पाहुणे बागेआधी नोकरी विचारतात. त्यामुळे दहा एकरांचा वारस अंबडला बारा तासांच्या शिफ्टवर जाताना दिसतो, तो मंदीमुळे की लग्नामुळे, हे वेगळे काढता येत नाही.