दोषशोधन, संगणकीय खेळांचे (कोकण किनारा)

संगणकावर बसवलेला खेळ सुरूच होत नाही, काळा पडदा दाखवून थांबतो किंवा ‘लोडिंग’च्या पट्टीवर अडकून बसतो, अशा वेळी त्याचे कारण क्रमाक्रमाने हुडकण्याची रीत. बोलीत तिला वेगळे नाव नाही. ‘गेम उघडत नाही’, मालवणी मुलखात ‘गेम चलणा नाय’, एवढे सांगितले की काम भागते. (‘गेम’ पुल्लिंगी व स्त्रीलिंगी असा दोन्ही प्रकारे चालतो, येथे पुल्लिंगी धरला आहे.) एरवी ही रीत सर्वत्र सारखीच, पण पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात खारी दमट हवा आणि बेभरवशाची वीज यांमुळे तिचा क्रम थोडा बदलावा लागतो.

‘ट्रबलशूटिंग’ हा मूळ इंग्रजी शब्द विसाव्या शतकाच्या आरंभी, तारायंत्राच्या व दूरध्वनीच्या तारांवरील बिघाड शोधत फिरणाऱ्या कामगारांवरून रूढ झाला असावा. त्याच्या जोडीने येणाऱ्या ‘बग’ या शब्दाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. प्रचलित कथा अशी : ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क टू’ या गणकयंत्राच्या एका रिलेत (विजेने उघडमीट होणाऱ्या कळीत) पतंग अडकलेला सापडला आणि तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवण्यात आला. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी ही हकीकत पुढे अनेकदा सांगितली, आणि ती नोंदवही अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. परंतु टॉमस एडिसन यांच्या १८७८ च्या एका पत्रात हा शब्द यंत्रातील दोष याच अर्थाने आलेला आहे. शिवाय नोंदवहीतील शेराच मुळी ‘बग सापडल्याचे पहिले प्रत्यक्ष उदाहरण’ अशा आशयाचा आहे. शब्द आधीपासून चलनात असल्याखेरीज त्या शेऱ्याला काही अर्थ उरत नाही, म्हणून शब्द जुनाच असल्याचे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कोकणात मात्र पतंगाची कथा अक्षरशः खरी ठरू शकते. मृगाच्या सुमारास पंख फुटलेली वाळवी दिव्यावर झेपावते, आणि झाकण उघडे राहिलेल्या कॅबिनेटमध्ये तिचे पंख पंख्याच्या पात्यांत अडकलेले आढळतात. पंखा अडला की यंत्र तापते, आणि तापलेले यंत्र खेळ चालू होताच बंद पडते.

हवेचा परिणाम अधिक खोल आहे. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, आणि सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की त्याला पाणी सुटते. पावसाळ्यातील कोकणची हवा बहुतेक काळ या मर्यादेच्या वरच असते. किनाऱ्यालगतच्या घरात मदरबोर्डवर (सारे भाग जोडणाऱ्या मुख्य फळीवर) बसलेला खाऱ्या धुळीचा अदृश्य थर त्यामुळे ओला होतो. सांध्यांवर हिरवट पूड धरते आणि रॅमच्या (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या) पट्टीचा संपर्क तुटक होतो. खेळ हा संगणकाच्या स्मृतीवर सर्वांत जास्त भार टाकणाऱ्या कार्यक्रमांपैकी एक असल्याने टंकलेखन, गाणी, चित्रपट सगळे ठीक चालते आणि नेमका गेमच कोसळतो. यावरचा गावठी उपाय शास्त्राला धरून आहे. वीज पूर्ण तोडावी, तारही काढावी, हात धातूच्या कॅबिनेटला लावून मग रॅमची पट्टी दोन्ही कडांच्या खिट्या दाबून काढावी. तिच्या खालच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासल्या की रबराचा चुरा काळपट पडतो. तो मळ म्हणजेच अडथळा. चुरा कोरड्या कुंचल्याने झटकावा, तोंडाने फुंकू नये. पट्टी परत बसवताना दोन्हीकडून ‘टक्’ असा आवाज यायलाच हवा. पावसाळ्यात यंत्र रोज थोडा वेळ तरी चालू ठेवावे. त्याच्या स्वतःच्या उबेने ओल सुकते.

घड्याळाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी सीआर२०३२ ही बॅटरी असते; वीज नसताना तारीख-वेळ तीच सांभाळते. ती संपली की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. पडद्याच्या कोपऱ्यात १ जानेवारी २००९ दिसते आणि ऑनलाइन खेळ ‘जोडणी झाली नाही’ म्हणून थांबतो. कारण असे की सर्व्हरचे सुरक्षा-प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असते, आणि मागे पडलेल्या घड्याळाच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. नेट तपासून, गेम पुन्हा बसवून दमलेल्या माणसाने आधी तारीख पाहावी. ही बॅटरी साध्या घड्याळाच्या दुकानातही मिळते.

विजेमुळे होणाऱ्या बिघाडांत सर्वांत नेहमीचा म्हणजे अर्धवट अपडेट. खेळाच्या फायली उतरत असताना वीज जाते, फाइल अपुरी राहते आणि नंतर गेम तिथेच अडतो. स्टीमसारख्या खेळांच्या ऑनलाइन दुकानांत फायलींची अखंडता तपासण्याची सोय असते. तिने फक्त बिघडलेला भाग पुन्हा उतरतो, सगळा गेम नव्हे. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा ठरलेला डेटा पुरवून वापरणाऱ्या, रेंजसाठी सड्यावर (उंचावरच्या उघड्या कातळमाळावर) जाणाऱ्या मुलांसाठी हा फरक फार मोठा आहे. वैशाखातील वळिवाच्या आणि परतीच्या पावसाच्या गडगडाटात विजेच्या प्लगबरोबर इंटरनेटची तारही काढून ठेवावी. घर जांभ्याच्या कातळावर असेल तर अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घेणे चांगले.

हे सारे बाहेरचे झाले. आतल्या दोषांसाठी एकच प्रश्न बाकी सगळ्यांच्या आधी विचारावा : गेम शेवटचा नीट चालला, त्यानंतर काय बदलले? नवा अँटिव्हायरस आला असेल तर त्याने गेमची फाइल संशयावरून अडकवून ठेवली आहे का, ते पाहावे. विंडोजचे अपडेट झाले असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारी आज्ञावली) कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नव्याने बसवावा. काहीच बदलले नसेल तर सी ड्राइव्हवरची रिकामी जागा बघावी. टिचकी मारूनही काही होत नसेल तर आधीची अडकलेली प्रत मागे चालू असण्याचा संभव असतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून येणाऱ्या यादीतून ती बंद करता येते. यादीत डिस्क १०० टक्क्यांवर दिसत असेल तर गेम अडलेला नसून सावकाश चढत असण्याचा संभव असतो. नव्या खेळांना पहिल्या वेळी शेडर (चित्र रंगवणाऱ्या छोट्या आज्ञावल्या) तयार करायला काही मिनिटे लागतात, तेव्हा घाईने बंद करू नये. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स-चिपा असतील आणि गेम दुबळ्या चिपेवर चालत असेल, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये त्या गेमपुरती दुसरी निवडता येते. पडद्यावर आलेला संदेश मात्र वाचल्याशिवाय ‘ओके’ दाबू नये. मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. मदत करणाऱ्याचे अर्धे काम तिथेच होते.

मराठी वापरकर्त्यांना खास जाचणारा एक दोष येथे नोंदवायला हवा, कारण इंग्रजी मार्गदर्शकांत तो क्वचितच येतो. संगणक घेताना हौसेने वापरकर्त्याचे नाव देवनागरीत दिले, तर त्या नावाचे फोल्डर तयार होते. युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची अक्षरसंकेत-पद्धत) न जाणणारे जुने खेळ त्या फोल्डरचा मार्ग वाचू शकत नाहीत आणि निमूट बंद होतात. नाव नुसते बदलून फोल्डर बदलत नाही. रोमन अक्षरांत दुसरे खाते उघडून गेम तिथून चालवून पाहावा. तसेच ‘डीथ्रीडीएक्स९_४३’ ही डीएलएल (अनेक कार्यक्रमांना लागणारी सामायिक) फाइल नाही असा संदेश आला तर ती कुठल्याही संकेतस्थळावरून सुटी उतरवू नये. ती डायरेक्टएक्सच्या (खेळांना लागणाऱ्या विंडोजच्या आज्ञावल्यांच्या) जून २०१० च्या संचात असते आणि तो संच मायक्रोसॉफ्टकडून मिळतो.

जुन्या सीडींचा प्रश्न निराळा. सेफडिस्क ही नक्कलरोधक पद्धत वापरणारे अनेक खेळ विंडोज १० वर उघडत नाहीत, कारण तिचा ड्रायव्हर सुरक्षेतील भगदाडामुळे त्या प्रणालीत ठेवलेलाच नाही. सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने तो व्हिस्टा, ७ व ८ यांवरही बंद झाला. जुन्या धाटणीचा १६ बिटी इन्स्टॉलर (खेळ बसवणारा कार्यक्रम) ६४ बिटी विंडोजवर सहसा चालत नाही, तर फ्लॅशचे ब्राउझरमधील खेळ १२ जानेवारी २०२१ पासून थांबले. सीडी चांगली आहे, संगणक चांगला आहे, तरी गेम उघडत नाही, याचा उलगडा इथे होतो. स्टीमनेही १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ व ८ चा आधार काढला.

कोकणात घरगुती संगणक व सायबर कॅफे पसरल्याचा लिखित इतिहास त्रोटक आहे. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाल्यानंतर चाकरमान्यांनी मुंबईतील वापरलेली यंत्रे गावी आणणे सोपे झाले असावे. गणपतीला किंवा शिमग्याला आलेल्या अशा यंत्रात प्रवासाच्या हादऱ्यांनी तारा व रॅम ढिल्या झालेल्या असतात, हे लक्षात ठेवण्याजोगे.

‘फॉरमॅट मारून देतो’ हा झटपट उपाय शेवटचा समजावा. त्यात गेमबरोबर पोराने महिनोन्‌महिने खेळून मिळवलेली प्रगती जाते, आणि त्याच डिस्कवर ठेवलेले बारशाचे, लग्नाचे फोटोही जातात. सेव्ह केलेला खेळ बहुधा डॉक्युमेंट्समधील ‘माय गेम्स’ किंवा वापरकर्त्याच्या फोल्डरातील अ‍ॅपडेटा या फोल्डरांत असतो; तो आधी पेनड्राइव्हवर उतरवावा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या प्रसंगी चिखलपाणी शिरलेला संगणक तर ‘चालतो का बघू’ म्हणून चालू करूच नये. डिस्क तशीच काढून, वीज न लावता, डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे पोचवावी.