खिडकीची चौकट कोण बसवतं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला. तेव्हापासून चांगले चालणारे जुने लॅपटॉप वाचवण्यासाठी बरेच जण लिनक्सकडे वळताहेत. आमच्याच इमारतीतल्या एका विद्यार्थ्याने डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकलं आणि रात्री फोन केला, "काका, इन्स्टॉल अर्धवट झालंय वाटतं. काळ्या पडद्यावर नुसतं 'लॉगिन' आलंय."

इन्स्टॉल पूर्ण झालं होतं. डाउनलोड कमी व्हावं म्हणून त्याने डेस्कटॉपच्या पर्यायावरची खूण काढली होती, एवढंच. आपण रंगीत पडद्यालाच संगणक समजतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरी, डिस्क, कीबोर्ड यांचा कारभार बघतो. खिडक्या, मेनू, खालची पट्टी हे सगळं त्याच्यावर चालणाऱ्या साध्या प्रोग्रामांचं काम आहे. ते प्रोग्राम नसले तरी यंत्र धडधाकट असतं, आणि जगातले असंख्य सर्व्हर तसेच चालतात.

डेस्कटॉप नंतर बसवणं अवघड नाही. रूटच्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य व्यवस्थापकाच्या, अधिकारात 'टास्कसेल' ही आज्ञा द्यायची, यादीतल्या एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवर स्पेसबारने खूण करायची, टॅब दाबून ओकेवर जायचं, एंटर. डाउनलोड झालं की यंत्र पुन्हा सुरू करायचं. नोम आणि केडीई प्लाझ्मा हे दुसरे डेस्कटॉपही त्याच यादीत आहेत, पण ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मी एक्सएफसीईच सुचवतो.

खरी गंमत मात्र यानंतर पडद्यामागे घडते.

पडदा, माउस आणि कीबोर्ड ज्याच्या ताब्यात असतो त्याला एक्स सर्व्हर म्हणतात. एक्सचा जन्म १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत झाला आणि आज वापरात असलेली अकरावी आवृत्ती १९८७ ची आहे. नावावरून सर्व्हर कुठेतरी दूर असेल असं वाटतं, पण तो तुमच्या समोरच्या यंत्रात असतो. ब्राउझर किंवा टेक्स्ट एडिटर हे त्याचे गिऱ्हाईक. 'मला इथे चित्र काढू द्या' अशी मागणी ते करतात, आणि ही मागणी नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रातूनही येऊ शकते.

एक्स सर्व्हरला फक्त आयत कळतात. खिडकीला शीर्षकपट्टी असते, ती ओढून हलवता येते, कोपऱ्यात बंद करायची फुली असते, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. साधनं पुरवायची, धोरण लादायचं नाही, हे त्याच्या रचनेचं तत्त्वच होतं. मग चौकट कोण बसवतं? विंडो मॅनेजर नावाचा वेगळा प्रोग्राम. तोही सर्व्हरचा एक गिऱ्हाईकच, पण त्याला एक खास हक्क मिळालेला असतो, 'सबस्ट्रक्चर रिडायरेक्ट'. तो एका वेळी एकालाच मिळतो. एडिटरने 'माझी खिडकी दाखव' म्हटलं की सर्व्हर ती लगेच दाखवत नाही. तो विंडो मॅनेजरला कळवतो. विंडो मॅनेजर त्या खिडकीपेक्षा जरा मोठी अशी स्वतःची खिडकी तयार करतो, एडिटरची खिडकी मूळ पालकाकडून काढून त्या नव्या पालकाच्या पोटात दत्तक देतो, उरलेल्या कडेवर शीर्षक आणि फुली रंगवतो, आणि मग दोन्ही पडद्यावर आणतो. नोमचे अनेक नवे प्रोग्राम शीर्षकपट्टी स्वतःच काढतात, तो अपवाद सोडा.

म्हणजे फुली एडिटरची नसतेच. ती दाबल्यावर विंडो मॅनेजर एडिटरला फक्त निरोप धाडतो, बंद होण्याची विनंती आहे. काय करायचं ते एडिटर ठरवतो. म्हणून तर 'बदल जतन करायचे का?' असं विचारायला त्याला सवड मिळते.

विंडोजवरून आलेले लोक हमखास विचारतात की इथे रिफ्रेश कुठे आहे. उजवं क्लिक करून पाच-सहा वेळा रिफ्रेश दाबलं की संगणक वेगवान होतो, ही आपल्याकडे घरोघरी, ऑफिसात, सायबर कॅफेत रुजलेली अंधश्रद्धा आहे. त्याने डेस्कटॉपवरची चिन्हं पुन्हा काढली जातात. मेमरी रिकामी होत नाही, प्रोसेसरला जोर चढत नाही.

एक्सची जागा घेण्यासाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने सर्व्हर आणि विंडो मॅनेजर यांची ही वाटणी मोडली. तिथे पडदा सांभाळणारा आणि खिडक्या लावणारा प्रोग्राम एकच असतो. त्यामुळे मधल्या निरोपांची ये-जा वाचते, आणि एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या कळा चोरून ऐकणं अवघड होतं. नोम आणि प्लाझ्मा तिकडे गेलेच आहेत. डेबियन १३ मधला एक्सएफसीई मात्र अजून एक्सवर चालतो, म्हणून त्या विद्यार्थ्याला एक प्रयोग करून दाखवता आला.

आम्ही 'ओपनबॉक्स' हा दुसरा विंडो मॅनेजर बसवला. एडिटरमध्ये त्याने अर्धं वाक्य टंकलं आणि ते जतन न करता टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, ओपनबॉक्स लिहून, जागा सोडून, दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून रिप्लेस अशी आज्ञा दिली. क्षणभर पडदा लुकलुकला. शीर्षकपट्ट्यांचा रंग बदलला, फुलीचा आकार बदलला. आत ते अर्धं वाक्य जसंच्या तसं होतं आणि कर्सर त्याच जागी उघडझाप करत होता.