नियंत्रित शब्दसंग्रह

एका विषयासाठी कोणती संज्ञा वापरायची हे आधी ठरवून, तीच सर्व नोंदींना लावण्यासाठी केलेली यादी म्हणजे नियंत्रित शब्दसंग्रह. संज्ञा व्यापकाकडून विशिष्टाकडे उतरत्या क्रमाने लावल्या की टॅक्सॉनॉमी होते. त्यात पर्यायी शब्द आणि संबंधित संज्ञा जोडल्या की थिसॉरस.

यासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे आयएसओ २५९६४. त्याचा पहिला भाग २०११ मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये निघाला. आधीच्या आयएसओ २७८८ मध्ये शब्द केंद्रस्थानी होता. इथे संकल्पना आहे. ‘हार्ट अटॅक’ आणि ‘हृदयविकाराचा झटका’ ही एकाच संकल्पनेची दोन नावे. त्यांतले एक मान्य ठरते, दुसरे त्याच्याकडे वळवले जाते. ‘कर’सारख्या अनेकार्थी शब्दापुढे कंसात खुलासा लागतो: कर (अर्थशास्त्र), कर (शरीर).

खरी गफलत उतरंडीत होते. तपासणी सोपी आहे: ‘सगळे साप सरपटणारे प्राणी, काही सरपटणारे प्राणी साप’ हे खरे, म्हणून जोडणी बरोबर. ‘सगळे साप विषारी’ मात्र खोटे. तरीही ‘साप’ हा ‘विषारी प्राणी’खाली टाकला, तर तिथे शोधणाऱ्याच्या हाती अजगरही येतो. अवयव-अवयवी (भाग आणि पूर्ण वस्तू) नात्यालाही मर्यादा आहे. चाक सायकलचे तसे गाडीचेही, म्हणून ते ‘सायकल’खाली न घालता संबंधित संज्ञा म्हणून जोडतात. शंका राहिली तर व्याप्ती-टीप, म्हणजे संज्ञेत काय येते आणि काय नाही हे सांगणारी टीप, लिहावी. ती टाळणारे पुढे दोन-दोन वेळा तीच नोंद करतात.

अशा संग्रहांच्या संगणकांमधल्या देवाणघेवाणीसाठी डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २००९ मध्ये स्कॉस हे मानक शिफारशीचा दर्जा देऊन प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक संकल्पनेला कायमचा ओळखपत्ता मिळतो आणि दर भाषेत जास्तीत जास्त एकच मान्य नाव चालते. नाव बदलले तरी पत्ता तोच राहतो, त्यामुळे जुन्या नोंदी तुटत नाहीत. दोन संग्रह जोडताना ‘तंतोतंत जुळते’ हे नाते जपून वापरावे: ते पुढे सरकते. क ख-शी आणि ख ग-शी जुळला की क आणि गही एकच धरले जातात, आणि एक चूक साखळीभर पसरते. ‘जवळपास जुळते’ असे सरकत नाही. शंका असेल तिथे तेच लावावे.

संज्ञा काढून टाकायची झाल्यास पुसू नये. ती बाद असल्याची खूण करून नव्या संज्ञेकडे दुवा द्यावा.