कटिंगला मुळं येतात कुठून?

शेवंती, कोलियस, जिरेनियम असल्या झाडांची फांदी तोडून लावली की काही दिवसांत मुळं धरते, हे आपण इतक्यांदा बघतो की त्यात काही विशेष वाटतच नाही, पण जिथे मूळ कधी नव्हतंच तिथे ते आलं कुठून?

झाडाच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं हार्मोन तयार होतं आणि खोडातून सारखं खाली जात असतं. फांदी कापली की त्याची वाटच संपते, ते कापलेल्या टोकाशी साचतं आणि तिथल्या काही पेशी आपलं जुनं काम सोडून मूळ तयार करायला लागतात. ही दिशा पेशींमध्येच ठरलेली असते, म्हणून कटिंग उलटी खोचू नका! 1930 च्या दशकात हे कळल्यावर प्रयोगशाळेत बनवलेली ऑक्सिन्स वापरात आली, कटिंगला मुळं यावीत म्हणून लावतात त्या रूटिंग पावडरमध्ये बहुतेक वेळा आयबीए असतं ते त्यातलंच.

पण माझं ठाम मत आहे की मऊ खोडाच्या झाडांना पावडरपेक्षा पाणी सांभाळणं जास्त महत्त्वाचं. मुळं नाहीत म्हणजे पाणी वर चढणार अगदी थोडं आणि पानांतून उडणं मात्र चालूच, त्यामुळे बऱ्याच कटिंग मुळं यायच्या आधीच सुकतात. मग सगळी पानं काढायची का? अजिबात नाही, साखर आणि ऑक्सिन पानंच देतात. 8-10 सेंमीची, कळ्या नसलेली फांदी पेराच्या (पान फुटतं त्या सांध्याच्या) जरा खाली धारदार ब्लेडने कापा, वरची दोन-तीन पानं ठेवा, मोठी असतील तर अर्धी करा, वरून पारदर्शक पिशवी घाला आणि कुंडी उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. जिरेनियमला मात्र पिशवी नको, ते कुजतं.

लावायला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (पांढरे हलके खडे) निम्मं निम्मं चालतं, कारण नव्या मुळांना हवा लागते, चिखलात ती गुदमरतात. आणि हो, रोगट झाडाची कटिंग घेऊ नका, त्या झाडातला व्हायरस तिच्यातही येतो.

नवी वाढ दिसली, हलकं ओढून कटिंग घट्ट वाटली की शेंडा खुडा. शेंड्यातलं तेच ऑक्सिन बाजूचे डोळे दाबून ठेवत असतं, शेंडा गेला की ते फुटतात आणि झाड भरगच्च होतं.